जुनी सुपरहिरो कॉमिक्स वाचायची आहेत पण सुरुवात कुठून? घ्या, पायरी पायरीने सांगतो

सिनेमे सगळे बघून झाले, आता मूळ कॉमिक्स वाचायची आहेत, मग सुपरमॅनच्या पहिल्या अंकापासून सुरू करू का? असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, नका करू. ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक १९३८ चा, त्यानंतर एकट्या सुपरमॅनचेच हजारो अंक निघाले, बॅटमॅन, स्पायडरमॅन, एक्स-मेन यांचे वेगळे, आणि हे सगळं क्रमाने वाचून काढलेला माणूस त्या कंपन्यांच्या ऑफिसातसुद्धा सापडायचा नाही. "मला मागचं काहीच माहीत नाही" ही भीती आधी डोक्यातून काढा, त्या काळच्या वाचकाला पण नव्हतं माहीत. अमेरिकेतली पोरं तेव्हा ही कॉमिक्स औषधाच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरनं नाहीतर पेपरच्या स्टॉलवरनं दहा सेंट देऊन उचलायची, मागचा अंक मिळेलच याची काही गॅरंटी नाही, त्यामुळे बहुतेक गोष्टी त्याच अंकात सुरू होऊन त्यातच संपायच्या.

मी इथे फक्त जुन्या मालाबद्दल बोलणार आहे, म्हणजे साधारण १९३८ ते १९८६, आणि तेही मुख्यतः डीसी आणि मार्व्हल या दोन अमेरिकन कंपन्यांचं. आणि माझं एकच म्हणणं आहे जे तुम्हाला पुढे सारखं ऐकू येईल, कॅरेक्टर बघून पुस्तक उचलू नका, लिहिलंय कोणी आणि चित्रं कोणाची ते बघून उचला. १९३९ चा बॅटमॅन अंधारात लपून राहणारा, गुंड मेला तरी फारसं वाईट न वाटून घेणारा माणूस आहे, १९५७ चा बॅटमॅन एका गोष्टीत रोज वेगळ्या रंगाचा सूट घालून फिरतो (खोटं नाही सांगत, गुलाबी पण आहे), आणि १९७३ चा परत गंभीर डिटेक्टिव्ह. नाव एकच, आणि "बॅटमॅन आवडतो" म्हणून मधलं भलतंच काहीतरी घेतलं की माणूस दहा पानांत पुस्तक मिटतो आणि परत कधी उघडत नाही.

पायरी १: दोन दुनिया आणि त्यांची शहरं

डीसीने शहरं बनवली आणि मार्व्हलने शहर वापरलं, सुरुवातीला एवढा फरक कळला तरी पुरे.

डीसीमध्ये सुपरमॅनचं मेट्रोपोलिस, बॅटमॅनचं गॉथम, फ्लॅशची सेंट्रल सिटी, ग्रीन लँटर्नची कोस्ट सिटी, ही सगळी शहरं मनाने रचलेली. त्यामुळे चित्रकाराला रान मोकळं, गॉथमच्या बिल्डिंगा हव्या तेवढ्या उंच आणि गल्ल्या हव्या तेवढ्या काळ्या करता येतात, मेट्रोपोलिस कायम दुपारच्या उन्हात. वंडर वुमनचं बेट आहे जिथे फक्त बायका राहतात, सुपरमॅनचा क्रिप्टन ग्रह आहे जो गोष्ट सुरू व्हायच्या आतच फुटलेला. इथले हिरो थोडे देवासारखे, लोक मान वर करून त्यांच्याकडे बघतात.

मार्व्हलचे हिरो राहतात खऱ्या न्यूयॉर्कमध्ये. पीटर पार्कर क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्समध्ये मे मावशीकडे (ती खरं तर काकू, काकाची बायको, पण आपल्याकडे बरेच जण मावशीच म्हणतात), डेअरडेव्हिल हेल्स किचनमध्ये, डॉक्टर स्ट्रेंजचा तर चक्क पत्ता दिलेला आहे, १७७ए ब्लीकर स्ट्रीट, ग्रिनिच व्हिलेज. सगळे एकाच शहरात म्हटल्यावर एकमेकांच्या अंगावर आदळणारच. १९६३ च्या ॲमेझिंग स्पायडरमॅन क्रमांक १ मध्ये स्पायडरमॅन फॅन्टॅस्टिक फोरकडे नोकरी मागायला जातो, आधी त्यांच्याशी मारामारी करून आपली लायकी दाखवतो आणि मग पगार मिळत नाही असं कळल्यावर निघून जातो. मला अजूनही मार्व्हल कोणाला समजावायचं झालं तर मी हाच सीन सांगतो. इथे लोक हिरोकडे संशयाने बघतात, पेपरवाला रोज शिव्या घालतो आणि हिरोला भाडं पण भरायचं असतं. खोटे देश मात्र मार्व्हलमध्ये पण आहेत, डॉक्टर डूमचं लॅटव्हेरिया किंवा ब्लॅक पँथरचं वाकांडा, पण घर न्यूयॉर्कच.

आपल्याला या दोनमधलं काय जास्त आवडेल याचा अंदाज घ्या आणि पहिलं पुस्तक त्या बाजूचं घ्या. दोन्ही एकदम सुरू करू नका, नावांचा नुसता गोंधळ होतो, कारण दोघांनी एकमेकांचं बरंच उचललंय.

पायरी २: काळाचे तीन कप्पे डोक्यात ठेवा

फॅन लोक गोल्डन एज, सिल्व्हर एज, ब्राँझ एज असं बोलतात. कुठलं साल कुठल्या कप्प्यात यावर भांडणं चालतात त्यात पडू नका, मोटामोटी चित्र कळलं की झालं.

गोल्डन एज म्हणजे १९३८ पासून ते १९५० च्या आसपास. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुण पोरांनी सुपरमॅन बनवला आणि १३० डॉलरमध्ये हक्क विकून टाकले, पुढचं आयुष्य त्यांचं कोर्टकचेऱ्यांत गेलं. पण तो पहिला सुपरमॅन वाचून बघाच, धक्का बसेल. त्याला उडता येत नाही, नुसत्या लांब उड्या मारतो. आणि लढतो कोणाशी? बायकोला मारणाऱ्या नवऱ्याशी, भ्रष्ट नेत्यांशी. ॲक्शन कॉमिक्स क्रमांक ३ मध्ये तो धोकादायक खाण चालवणाऱ्या मालकाला त्याच्या पाहुण्यांसकट त्याच खाणीत अडकवतो, आणि क्रमांक ८ मध्ये अख्खी झोपडपट्टी पाडून टाकतो, कशासाठी तर सरकारला तिथे नवी घरं बांधावी लागावीत म्हणून. महामंदीतल्या पोरांनी लिहिलेला हिरो आहे तो, परग्रहावरचे व्हिलन वगैरे नंतर आले. बॅटमॅन मे १९३९ चा, डिटेक्टिव्ह कॉमिक्स क्रमांक २७, नाव बॉब केनचं लागायचं पण अर्ध्याहून जास्त काम बिल फिंगरचं, आणि त्याला ऑफिशियल क्रेडिट मिळायला २०१५ उजाडलं, तोपर्यंत तो जाऊन चाळीस वर्षं होऊन गेलेली. कॅप्टन अमेरिका त्याच्या पहिल्याच कव्हरवर हिटलरला ठोसा मारतो आणि तो अंक बाजारात आला तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलेली पण नव्हती. वंडर वुमन लिहिणारा विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ, रक्तदाबावरून खोटं पकडायच्या टेस्टवर काम केलेला, आणि तिच्या दोरीत सापडलेल्याला तिचं ऐकावंच लागतं, खरं पण बोलावं लागतं, आता यावर तुम्हीच काय ते समजा.

आता एक सूचना, हा कप्पा चवीपुरता घ्या. चित्रं ओबडधोबड आहेत, गोष्टी पळत पळत संपतात आणि काही गोष्टी आज वाचवत नाहीत, युद्धकाळातली जपानी माणसांची चित्रं बघून मान खाली जाते, आणि वंडर वुमन हिरोंच्या टीममध्ये आली ती सेक्रेटरी म्हणून. पाच-सहा गोष्टी वाचा आणि पुढे सरका.

जाता जाता एक सांगतो, आपल्याकडच्या इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांचा वेताळ सुपरमॅनच्या दोन वर्षं आधीचा आहे, ली फॉकने त्याला १९३६ मध्ये पेपरच्या पट्टीत आणला. अंगाला चिकटलेला सूट आणि मास्कमागे बुबुळं नसलेले पांढरे डोळे, ही पुढच्या सगळ्या हिरोंची ठेवण वेताळात आधीच दिसते. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, ते मराठीतही निघायचं, त्यामुळे घरात आईबाबांना नाहीतर काकांना विचारून बघा, वेताळाच्या कवटीच्या गुहेबद्दल ते अर्धा तास बोलतील.

१९५४ मध्ये सगळ्यावर पाणी पडलं. फ्रेडरिक वेर्टहम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळे पोरं बिघडतात, सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या कंपन्यांनी स्वतःच कॉमिक्स कोड बनवला. झोंबी नाही, व्हॅम्पायर नाही, गुन्हेगार शेवटी हरलाच पाहिजे, पोलीस आणि न्यायाधीशांची टिंगल नको. जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात तिकिटासारखा छोटा शिक्का दिसतो ना, तो याचाच. १९५० च्या दशकातले हिरो इतके गुळमुळीत का वाटतात याचं बरंचसं उत्तर त्या शिक्क्यात आहे.

सिल्व्हर एज सुरू झालं १९५६ ला, शोकेस क्रमांक ४ मध्ये नवा फ्लॅश आला तेव्हा, आणि खरी उकळी फुटली नोव्हेंबर १९६१ च्या फॅन्टॅस्टिक फोर क्रमांक १ पासून. पुढच्या दोन वर्षांत हल्क, स्पायडरमॅन, थॉर, आयर्न मॅन, डॉक्टर स्ट्रेंज, ॲव्हेंजर्स, एक्स-मेन सगळे, इतक्या कमी वेळात इतकं कसं सुचलं देव जाणे. आणि ब्राँझ एज म्हणजे १९७० ते ८५, हिरो ड्रग्ज, गरिबी, वंशभेद यावर बोलायला लागले, कधी कधी जरा जास्तच भाषणं देतात.

पायरी ३: हिरो निवडू नका, रन निवडा

रन म्हणजे एका लेखकाने किंवा लेखक-चित्रकाराच्या जोडीने सलग केलेले अंक. हा शब्द लक्षात ठेवा, दुकानात किंवा ग्रुपवर "स्पायडरमॅन वाचायचाय" म्हणालात तर लोक पन्नास नावं फेकतील, "डिटकोचा रन वाचायचाय" म्हणालात तर नेमकं पुस्तक सांगतील.

मला विचाराल तर पहिला हाच घ्या, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोचा स्पायडरमॅन. ऑगस्ट १९६२ ची ॲमेझिंग फँटसी क्रमांक १५ मधली अकरा पानांची पहिली गोष्ट, मग ॲमेझिंग स्पायडरमॅनचे पहिले ३८ अंक आणि दोन ॲन्युअल (वर्षातनं एकदा निघणारे जादा अंक), बस, १९६६ ला डिटको सोडून गेला आणि रन संपला. एवढं माणूस आरामात वाचू शकतो. डिटकोचा पीटर हडकुळा, चष्मेवाला, खांदे पाडून चालणारा, आणि त्याचा सगळा ताण मारामारीपेक्षा मावशीच्या औषधांच्या पैशांचा. फोटो काढून विकतो आणि विकतो कोणाला, तर स्पायडरमॅनला रोज शिव्या घालणाऱ्या पेपरलाच. व्हल्चर, डॉक्टर ऑक्टोपस, सँडमॅन, लिझर्ड, मिस्टेरिओ, क्रेवन, ग्रीन गॉब्लिन, हे सगळे व्हिलन या ३८ अंकांतच आलेत. ३१ ते ३३ सलग वाचा, मावशी मरायला टेकलीय, तिचं औषध समोर पडलंय आणि पीटर टनावारी लोखंडाखाली दबलाय, ३३ च्या सुरुवातीला तो ते लोखंड उचलतो आणि डिटको त्या एका उचलण्याला पानंच्या पानं देतो, पॅनेल (चित्रांच्या चौकटी) हळूहळू मोठे होत जातात आणि मग एकदम पूर्ण पानभर. सुपरहिरो कॉमिकमध्ये यापेक्षा चांगलं काही झालंय असं मला वाटत नाही, लोक माझ्याशी भांडतात यावर, भांडू देत.

त्यानंतर जॉन रोमिटा आला, सगळे एकदम देखणे झाले, मेरी जेनचा चेहरा पहिल्यांदा दिसला तो त्याच्या हातून, क्रमांक ४२ मध्ये. आवडलं तर चालू ठेवा, १९७३ च्या क्रमांक १२१ पर्यंत. तिथे काय होतं ते बहुतेकांना माहीतच असतं पण मी नाही सांगणार.

दुसरा रन, ली आणि जॅक कर्बीचा फॅन्टॅस्टिक फोर. इथे मात्र पहिल्या अंकापासून नको, पहिले वीस-पंचवीस अंक चाचपडत गेलेत. सरळ क्रमांक ४४ च्या आसपास उडी मारा, ४८ ते ५० मध्ये गॅलॅक्टस येतो, ग्रह खाणारा, १९६६ साली, ५१ मध्ये एकट्या थिंगची एक सुंदर छोटी गोष्ट आहे आणि ५२ मध्ये ब्लॅक पँथर आणि वाकांडा. ओळीने पाच अंक, एका दुपारी होतात. इथे मार्व्हल मेथड म्हणजे काय ते पण कळून घ्या. ली थोडक्यात कल्पना सांगायचा, कधी कधी नुसती तोंडी, चित्रकार अख्खा अंक काढायचा, म्हणजे गोष्ट प्रत्यक्षात रचायचा तोच, आणि मग ली संवाद भरायचा. गॅलॅक्टसचा दूत सिल्व्हर सर्फर तर कर्बीने मनानेच काढून पाठवला, लीला पानं हातात आल्यावर कळलं की सर्फबोर्डवर कोणीतरी आहे. त्यामुळे कव्हरवर "स्टॅन ली" मोठ्या अक्षरात असलं तरी खाली चित्रकाराचं नाव आहे ते आधी वाचा, निम्मी गोष्ट त्याची आहे, कधी कधी निम्म्याहून जास्त.

बॅटमॅनसाठी डेनी ओ'नील आणि नील ॲडम्स, १९७० नंतरचे. हा सलग रन नाही, सुटे सुटे अंक आहेत म्हणून संग्रहच घ्यावा लागतो. रा'स अल गूल हा व्हिलन १९७१ मध्ये यांनीच आणला, आणि जोकर, जो मधली बरीच वर्षं नुसता विदूषक झाला होता, त्याला बॅटमॅन क्रमांक २५१ मध्ये परत खुनी केला. ते संपलं की स्टीव्ह एंगलहार्ट आणि मार्शल रॉजर्सचे डिटेक्टिव्ह कॉमिक्सचे १९७७-७८ चे मोजके अंक, त्यात जोकर समुद्रातल्या माशांची तोंडं आपल्या तोंडासारखी करून टाकतो आणि मग सरकारी ऑफिसात जाऊन त्या माशांवर कॉपीराइट मागतो, क्लार्क म्हणतो साहेब असं होत नाही, तर त्याच्या जिवावर उठतो. वेडा व्हिलन लिहावा तर असा.

एक्स-मेनचं गणित वेगळं. १९६३ पासून सुरू करू नका. ती सिरीज चालली नाही, १९७० पासून पाच वर्षं त्यात नुसते जुनेच अंक परत छापत होते. १९७५ च्या जायंट-साइझ एक्स-मेन क्रमांक १ पासून धरा, वुल्व्हरिन, स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस ही टीम तिथे जमते, आणि लगेच क्रिस क्लेअरमाँट लिहायला येतो तो थेट १९९१ पर्यंत सोळा वर्षं. एवढं सगळं नाही वाचायचं घाबरू नका, डार्क फिनिक्स नावाच्या गोष्टीपर्यंत म्हणजे क्रमांक १३८ पर्यंत वाचा, मग १४१-१४२. डार्क फिनिक्स सुटी पण मिळते पण तशी घेऊ नका, त्या गोष्टीची नायिका जीन ग्रे तुमच्या ओळखीची झाली नसेल तर शेवट लागतच नाही.

सिल्व्हर एजचा सुपरमॅन हा प्रकार प्रत्येकाला झेपत नाही. एडिटर मॉर्ट वाइझिंगरच्या हाताखाली सगळी दुनिया बनली, बाटलीत कोंडलेलं कँडोर शहर, चौकोनी बिझारो ग्रह जिथे सगळं उलटं चालतं, तिसाव्या शतकातली पोरांची टोळी, सुपरकुत्रा, सुपरमांजर, सुपरघोडा आणि हो, सुपरमाकड. वर "इमॅजिनरी स्टोरी" नावाचा प्रकार, म्हणजे लग्न झालं असतं तर, मेला असता तर. आधी पाच गोष्टी वाचून बघा, हसू आलं आणि वर थोडं वाईटही वाटलं तर हा माल तुमचा आहे. मग शेवटी ॲलन मूरने लिहिलेली आणि कर्ट स्वॉनने काढलेली १९८६ ची दोन अंकी निरोपाची गोष्ट वाचा, सुपरमॅन क्रमांक ४२३ आणि ॲक्शन क्रमांक ५८३. आधीचं वाचलेलं नसलं तर तो कुत्रा नुसता कुत्राच वाटतो, मग रडायला येत नाही.

पायरी ४: अनेक पृथ्व्यांचं लफडं

सप्टेंबर १९६१, फ्लॅश क्रमांक १२३, गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो. नव्या फ्लॅशने, म्हणजे बॅरी ॲलनने, आपलं नाव एका जुन्या कॉमिकमधनं घेतलेलं असतं, म्हणजे गोल्डन एजचा फ्लॅश त्याच्या लेखी काल्पनिक. आणि मग तो चुकून अशा पृथ्वीवर पोचतो जिथे तो जुना फ्लॅश खरा आहे, म्हातारा झालाय, केस पांढरे झालेत. झालं, दोन पृथ्व्या तयार. जुने हिरो अर्थ-टू वर, नवे अर्थ-वन वर. पुढे दरवर्षी दोन्हीकडच्या टीम भेटायला लागल्या आणि पृथ्व्या वाढत गेल्या, एकीवर सगळे हिरो व्हिलन, दुसरी कंपनी घेतली की तिच्या हिरोंची अजून एक.

१९८५-८६ मध्ये डीसीला हे जड झालं आणि मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझने बारा अंकांच्या क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्समध्ये सगळ्या पृथ्व्या मिटवून एक केली. लोक नवख्यांना हे पुस्तक देतात याचा मला फार राग येतो. पेरेझच्या एका पानावर शंभर-शंभर कॅरेक्टर असतात, आठव्या अंकात ज्याचा जीव जातो त्याच्याबरोबर तुम्ही आधी काही अंक काढलेले असायला हवेत, नाहीतर नुसती गर्दी दिसते. ते शेवटी वाचा.

मार्व्हलने त्या काळात पृथ्वी मिटवली नाही, तिथे काळच सरकतो. पीटर १९६२ ला पंधरा वर्षांचा होता, अजून तरुणच आहे. टोनी स्टार्क १९६३ च्या गोष्टीत व्हिएतनाममध्ये जखमी होतो, नंतरच्या एका गोष्टीत तीच जागा अफगाणिस्तान झाली. याला कोणी काही म्हणत नाही, तुम्ही पण म्हणू नका. कॅप्टन अमेरिका तेवढा युद्धातलाच हवा, म्हणून १९६४ च्या ॲव्हेंजर्स क्रमांक ४ मध्ये त्याला बर्फातनं काढला, किती वर्षं गोठलेला होता तो आकडा दरवेळी वाढवता येतो, सोय झाली.

पायरी ५: अंकांच्या नंबरांनी फसू नका

कॅप्टन अमेरिका नावाची सिरीज १९६८ ला सुरू होते ती क्रमांक १०० पासून, मग आधीचे ९९ कुठे गेले म्हणून लोक शोधत बसतात. ते टेल्स ऑफ सस्पेन्स या नावाखाली आहेत आणि त्यातल्या पहिल्या पन्नासेक अंकांत कॅप्टनचा पत्ताच नाही, भुतंखेतं, राक्षस आणि मग आयर्न मॅन आहे. कारण असं की १९५७ मध्ये मार्व्हलचा वितरक बुडाला आणि त्यांना वितरणासाठी जायला लागलं ते डीसीच्याच घरच्या कंपनीकडे, तिने अट घातली, महिन्याला मोजकीच कॉमिक्स काढायची. हिरो झाले जास्त आणि मासिकं कमी, म्हणून एका मासिकात दोन-दोन भाडेकरू ठेवले, सस्पेन्समध्ये आयर्न मॅन आणि कॅप्टन, दुसऱ्यात हल्क आणि सबमरिनर, तिसऱ्यात डॉक्टर स्ट्रेंज. १९६८ ला अट सुटली तशी प्रत्येकाला स्वतःची खोली मिळाली पण काहींच्या घराचा नंबर जुनाच चालू राहिला. हल्क म्हणूनच १०२ पासून. थॉर तर जर्नी इंटू मिस्टरी क्रमांक ८३ मध्ये आला आणि १२६ ला मासिकाचं नावच थॉर झालं. फ्लॅशचा १९५९ चा पहिला अंक १०५ आहे, दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मासिकाचा पुढचा नंबर.

आणि कव्हरवरचा महिना म्हणजे बाजारात आलेला महिना नाही, स्टॉलवर अंक जास्त दिवस ताजा दिसावा म्हणून दोन-तीन महिने पुढची तारीख टाकायचे. जून १९३८ चा ॲक्शन एप्रिलमध्येच आला होता. क्विझ वगैरे खेळत असाल तर उपयोगी.

पायरी ६: वाचायचं कसं

हळू. आजच्या कॉमिकला पंधरा मिनिटं लागतात, १९६० च्या दशकातल्या अंकात शब्दच शब्द असतात, प्रत्येकजण ठोसा मारता मारता लांबलचक बोलतो. आधी पानावरची चित्रं नुसती डोळ्याखालनं घाला, मग शब्द वाचा. चित्र एकदम स्पष्ट असतं तिथे वरची चौकट बिनधास्त गाळा, ती चित्रात दिसतंय तेच सांगत असते. ढगासारखा फुगा म्हणजे मनातलं बोलणं. मध्येच फुलीची खूण आणि खाली "अमुक अंक बघा" अशी एडिटरची टीप येते, तो अंक शोधायला पळू नका, ती बहुतेक वेळा जाहिरात असते, गोष्ट कळायला जेवढं लागतं तेवढं तिथल्या तिथे सांगितलेलं असतं. एका बैठकीत दोन-तीन अंक पुरे, हे महिन्याला एक वाचायच्या हिशोबाने लिहिलेलं आहे, सलग वीस वाचले की प्रत्येक वेळी पहिल्या दोन पानांत हिरो आपली पॉवर परत समजावतोय याचा कंटाळा येतो आणि दोष तुम्ही त्या बिचाऱ्याला देता.

पायरी ७: मिळवायचं कुठून

मूळ जुने अंक विसरा, ते गुंतवणूकवाल्यांचं काम आहे. मार्व्हलसाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे मार्व्हल अनलिमिटेड ॲप, वर सांगितलेले स्पायडरमॅन, फॅन्टॅस्टिक फोर, एक्स-मेन सगळे रन त्यात आहेत, एक महिन्याचे पैसे भरून डिटको अख्खा वाचून होतो. फोनवर पान बारीक दिसतं, टॅब नाहीतर लॅपटॉप वापरा, आणि पॅनेल-पॅनेल दाखवणारा मोड बंद ठेवा, कर्बीचं पान अख्खं बघायचं असतं.

कागदावर हवं असेल तर मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स नावाची छोट्या आकाराची पुस्तकं शोधा, सुरुवातीपासून क्रमाने आहेत आणि रंगीत. एपिक कलेक्शन जाडजूड, जास्त अंक. ऑम्निबस म्हणजे हजार पानांची वीट, झोपून वाचताना तोंडावर पडली तर दवाखाना, सुरुवातीला अजिबात घेऊ नका. डीसीची शोकेस प्रेझेंट्स आणि मार्व्हलची इसेन्शियल ही जाडी ब्लॅक अँड व्हाइट पुस्तकं आता नवी निघत नाहीत पण मुंबई-पुण्यात रद्दीच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात कधी कधी हाताला लागतात, दिसलं तर सोडू नका. रंग नाही म्हणून नाक मुरडू नका, डिटको आणि नील ॲडम्सची शाई रंगाशिवाय उलट जास्त कळते. घेताना फक्त दोन गोष्टी बघा, आतल्या पानावर कुठले अंक छापलेत त्यांची यादी असते ती, आणि शेवटची पानं जागेवर आहेत ना. "बेस्ट ऑफ" लिहिलेल्या पुस्तकात प्रत्येक दशकातली एकेक गोष्ट टाकलेली असते, ती लायब्ररीतनं आणा, विकत नको.

आणि एकदा तरी फॅक्सिमिली एडिशन घेऊन बघा. दोन्ही कंपन्या काढतात, एकच जुना अंक जसाच्या तसा छापलेला, जाहिराती, वाचकांची पत्रं सगळं. सी-मंकी (पाण्यातले बारीक जीव) पाळायची जाहिरात, स्नायू कमवायचा कोर्स, आणि पत्रांच्या पानावर शाळकरी पोरगा एडिटरला झापतोय की गेल्या अंकात तिसऱ्या पानावर हिरोच्या बुटाचा रंग चुकलाय.